नोंदवहीतील ‘बद्धकोष्ठ’ : पशुवैद्यकीय स्वागतकक्षातील एका नोकरीचा प्रकरण अभ्यास

पुण्यातील कोथरूड परिसरात पाळीव प्राण्यांसाठी चालणाऱ्या एका खाजगी दवाखान्यातील ही घटना आहे. दोन पशुवैद्यक, एक मदतनीस आणि काउंटरवर एक रिसेप्शनिस्ट, एवढेच तेथील मनुष्यबळ. त्या दोन पशुवैद्यकांपैकी मी एक. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. माझ्या वाट्याला येणारी चूक मात्र गाळलेली नाही, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही.

नेमणूक

काउंटरवर रुजू झालेल्या बाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर होत्या आणि त्यापूर्वी दोन वर्षे त्यांनी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात वेळा देणे, पावत्या करणे आणि फोन घेणे ही कामे केली होती. घरी मांजर होते. पगारात फारसा फरक पडणार नव्हता, त्यामुळे त्यांच्या आईने ‘माणसांच्या दवाखान्यातून कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात जाणे म्हणजे पुढे जाणे की मागे येणे,’ असा रोखठोक प्रश्न विचारला होता. तो त्यांनी मुलाखतीत स्वतःहून सांगितला आणि ‘उत्तर अजून मिळालेले नाही,’ असेही सांगितले. त्या प्रांजळपणामुळेच आम्ही त्यांची निवड केली. या पदासाठी येणारे बहुतेक उमेदवार ‘मला प्राणी फार आवडतात’ हे पहिल्याच वाक्यात सांगतात. त्या आवडीचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण दिवसभरात काउंटरवर प्राण्याला हात लावण्याची वेळ क्वचित येते, आणि घाबरलेल्या, चिडलेल्या, कधी रडणाऱ्या माणसापुढे बिल ठेवण्याची वेळ रोज येते.

त्यांचे प्रशिक्षण दीड दिवसात उरकले, आणि ‘उरकले’ हाच त्यासाठी योग्य शब्द आहे. संगणकावर केस पेपर कसा उघडायचा, तपासणीचे आणि लसींचे दर काय, पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देऊन पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत कसे मोजायचे, रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर कशी नोंदवायची आणि लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आहे ना हे सकाळ-संध्याकाळ कसे पाहून लिहायचे, एवढे त्यांना शिकवले. फोनवर काय विचारायचे आणि काय बोलायचे नाही, हे शिकवलेच नाही. आधीच्या रिसेप्शनिस्ट सात वर्षे काम करून गेल्या होत्या आणि त्यांना ते येत होते, म्हणून ते मुद्दाम शिकवावे लागते हे आमच्या लक्षातच आले नाही. नव्या बाईंना स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस देण्याची आठवणही आम्हाला दुसऱ्या आठवड्यात झाली. प्राण्यांच्या संपर्कात काम करणाऱ्याने ही लस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी घ्यावयाची असते, आणि पट्टा सुटलेला कुत्रा चावताना समोर डॉक्टर आहे की रिसेप्शनिस्ट हे पाहत नाही.

तो फोन

रुजू झाल्यानंतरचा तिसरा आठवडा होता. गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर बाक भरलेले होते, माझे सहकारी सुट्टीवर होते आणि मी आत एका कुत्रीचे गर्भाशय काढण्याची तातडीची शस्त्रक्रिया करत होतो. त्याच वेळी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या तीन वर्षांच्या बोक्याला बद्धकोष्ठ झाला आहे, असे त्यांनी सांगितले. तो सकाळपासून वारंवार वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, जोर करत होता, मध्येच ओरडत होता आणि दुपारी त्याने एकदा उलटी केली होती. रिसेप्शनिस्टने नाव, वय, वजन आणि पत्ता विचारला, संगणकात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाची पहिली रिकामी वेळ दिली. फोन ठेवण्यापूर्वी गृहस्थांनी विचारले, ‘‘ताई, घरात पोट साफ होण्याचे लॅक्टुलोजचे सिरप आहे, आईचे. तोपर्यंत ते थोडे देऊ का?’’ रिसेप्शनिस्टने उत्तर दिले, ‘‘हो, चालेल, मागच्या आठवड्यात एका मांजराला डॉक्टरांनी तेच दिले होते.’’

ही आठवण खरी होती. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या मांजरीला मी खरोखरच लॅक्टुलोज दिले होते, मात्र तिचे पोट चाचपून, आतड्यात मळाचे खडे हाताला लागल्यानंतर.

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता ते गृहस्थ वेळ न घेताच आले. बोका टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता, अंग थंड पडले होते आणि मान टाकलेली होती. पोटाला हात लावताच मूत्राशय ताणलेल्या, कडक चेंडूसारखे लागले. दवाखान्यात आणलेल्या मांजराच्या हृदयाचे ठोके साधारणपणे मिनिटाला १६० ते २२० असतात. याचे ९० भरले. त्याला बद्धकोष्ठ नव्हता. त्याची लघवी अडली होती.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी अतिशय अरुंद असतो. मूत्राशयाच्या सुजेतून सुटलेला चिकट द्रव आणि लघवीतले बारीक स्फटिक यांचा बोळा तेथे अडकला की मार्ग पूर्ण बंद होतो. घरातच राहणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या, कोरड्या खाण्यावर असलेल्या, वजन वाढलेल्या आणि खच्ची केलेल्या बोक्यांत हा प्रकार अधिक दिसतो, आणि घरात पाहुणे येणे किंवा बिऱ्हाड बदलणे एवढ्या ताणाचेही निमित्त त्याला पुरते. मूत्रपिंडांतून बाहेर पडायला हवे ते पोटॅशियम रक्तात साचत जाते आणि हृदयाची गती मंदावते. पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ट्रेमध्ये वाकून बसून जोर करणारे मांजर शी करण्यासाठी धडपडते आहे की लघवीसाठी, हे घरच्या माणसाला बाहेरून बहुधा कळत नाही, आणि बहुतेकांच्या तोंडी ‘बद्धकोष्ठ’ हाच शब्द येतो.

हृदयाला सावरण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, सलाईन, भूल, कॅथेटर (मूत्रमार्गात घालायची नळी) आणि मूत्राशय धुणे या क्रमाने उपचार झाले. कॅथेटर तीन दिवस ठेवावा लागला. बोका वाचला आणि पाचव्या दिवशी घरी गेला. पुढच्या तपासणीला ते गृहस्थ आमच्याकडे आले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

चूक कोठे झाली

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही तिघे बसलो. रिसेप्शनिस्टने राजीनामा लिहून आणला होता. तो बाजूला ठेवून मी नोंदवही उघडली. गुरुवारची नोंद एका ओळीची होती : ‘मांजर, नर, ३ वर्षे, बद्धकोष्ठ, उद्या ६.३०.’

ही ओळ नीट वाचली तर बरेच काही कळते. तिच्यात मालकाने डोळ्यांनी पाहिलेले काहीच उतरलेले नाही. उतरला आहे तो मालकाने काढलेला निष्कर्ष. ‘ट्रेमध्ये वारंवार बसतो, जोर करतो, ओरडतो, एक उलटी’ हे चार तुकडे वहीत आले असते, तर शस्त्रक्रिया संपल्यावर पावणेनऊला मी ती वही पाहताच गृहस्थांना फोन केला असता. वही मी त्या रात्री पाहिली होती, हे येथे सांगणे भाग आहे. ‘बद्धकोष्ठ’ हा शब्द वाचून मी पान उलटले. म्हणजे काउंटरवर जी चूक झाली तीच पाच वर्षांहून अधिक शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनही झाली. फरक इतकाच की त्या बाईंना प्रश्न माहीत नव्हता आणि मी माहीत असलेला प्रश्न विचारला नाही.

आपल्याकडे या अडचणीला भाषेचीही साथ मिळते. ‘त्याला उष्णता झाली आहे’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि त्या एका शब्दाखाली खाज, तोंड येणे, लघवीतून रक्त जाणे, काहीही असू शकते. उन्हाळ्यात कुत्र्याचा घोळणा फुटला की घरचे लोक त्याला उष्णता म्हणतात आणि सब्जा पाजतात. त्यातल्या काहींना प्रत्यक्षात गोचीड ताप असतो, रक्तातल्या प्लेटलेट घसरलेल्या असतात आणि सब्जाच्या पाण्यात आठवडा निघून जातो. ‘पोट बिघडले आहे’ या शब्दांत साधे अजीर्णही बसते आणि लस न झालेल्या पिल्लाचा पार्वो हा जीवघेणा विषाणूजन्य आजारही बसतो. मालक खोटे बोलत नसतो. जे दिसते त्याला तो आपल्या घरातला शब्द देतो, आणि फोन घेणाऱ्याने तो शब्द जसाच्या तसा वहीत उतरवला की त्याला निदानाचा शिक्का मिळतो.

दुसरी चूक लॅक्टुलोजची. ती कायद्याच्या अंगानेही पाहावी लागते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज अन्य कोणालाही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. राज्य शासनाच्या आदेशाने विशिष्ट पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा मिळू शकते, परंतु काउंटरवरचे पद त्यात कोठेच येत नाही. त्याच कलमानुसार आरोग्यविषयक प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकारही नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच आहे. रिसेप्शनिस्टने रेबीजचे प्रमाणपत्र टंकून तयार ठेवले तरी सहीशिवाय तो नुसता कागद असतो, आणि महापालिकेच्या श्वान परवान्यासाठी तो चालत नाही. ‘हे सिरप देऊ का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे म्हणजे औषध सुचवणे, आणि ‘नको’ म्हणणे हाही एक प्रकारचा सल्लाच. या व्यवसायातील अडचण नेमकी येथे आहे : प्राण्याला किती घाई आहे हे ओळखणे सर्वांत आधी ज्या व्यक्तीच्या हाती येते, तिला उपचाराविषयी एक शब्दही बोलण्याची परवानगी नाही. या दोहोंमध्ये जी चिंचोळी जागा उरते, तेथे उभे राहून काम करणे म्हणजे ही नोकरी.

अनुभव वाढतो तसा हा धोका कमी होत नाही, वाढतो, असे माझे मत झाले आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी ‘मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारते’ असे सांगितले असते. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याजवळ एक उदाहरण जमा झाले होते. पाचव्या वर्षी अशी दोनशे उदाहरणे जमा होतात, नेहमीचे लोक ‘डॉक्टरांना कशाला त्रास, तुम्हीच सांगा ना’ म्हणू लागतात, आणि त्या विश्वासाला नकार देणे अनोळखी माणसाला नकार देण्यापेक्षा पुष्कळ जड जाते. सात वर्षे काम केलेल्या आधीच्या बाई फोनवर नेमके काय सांगत असतील, याचा विचार मी त्या बैठकीत पहिल्यांदा केला, आणि तो सुखद नव्हता.

काय बदलले

राजीनामा आम्ही स्वीकारला नाही. त्याऐवजी दोन आठवडे रोज दुपारी एक तास, बाहेर गर्दी नसताना, मी त्यांच्याबरोबर बसलो. प्रथम नोंदवहीचा नियम ठरला : मालकाचा निष्कर्ष अवतरणचिन्हांत लिहायचा आणि त्याखाली ‘काय पाहिले’ आणि ‘केव्हापासून’ हे त्याच्याच शब्दांत नोंदवायचे. ‘“बद्धकोष्ठ”, ट्रेमध्ये दहा-बारा वेळा बसला, शेवटची लघवी केव्हा पाहिली ते आठवत नाही’ अशी नोंद झाली की ती वाचणाऱ्याला पान उलटता येत नाही. लघवीचा प्रश्न विचारण्याची युक्ती त्यांनीच शोधून काढली. ‘लघवी होते का?’ या प्रश्नाला लोक सवयीने ‘हो’ म्हणतात. ‘आज ट्रे साफ करताना वाळूचे ओले गोळे किती निघाले?’ असे विचारले की माणूस थांबतो, आठवतो, आणि पुष्कळदा उठून पाहून येतो.

त्यानंतर, ज्या गोष्टी ऐकू आल्यावर मी कोठेही असलो तरी मला लगेच कळवायचे, अशा गोष्टी ठरल्या. बोका ट्रेमध्ये जोर करत आहे. मांजर तोंड उघडे टाकून श्वास घेत आहे. मोठ्या छातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आहे, उमासे येत आहेत पण बाहेर काही पडत नाही. न ऑपरेशन केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी फार पाणी पिऊ लागली आहे. उंदीर मारायचे औषध, माणसांच्या गोळ्या किंवा चॉकलेट पोटात गेले आहे. साप चावल्याचा संशय आहे. झटके येत आहेत. कळा सुरू होऊनही पिल्लू बाहेर येत नाही. यांतल्या पॅरासिटामॉलच्या गोळीचा त्यांना विशेष धक्का बसला, कारण घराघरांत असणारी ती गोळी मांजराचा जीव घेऊ शकते आणि घरचे लोक ती मायेनेच देतात. या गोष्टी ओळखण्यासाठी रोगांची नावे पाठ करण्याची गरज नाही, आणि ती मी मुद्दामच शिकवली नाहीत. नाव कळले की ते बोलण्याचा मोह होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे एक ठरलेले वाक्य : ‘‘औषधाबद्दल मला सांगता येणार नाही, मी डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांत तुम्हाला फोन करते.’’ हे वाक्य खरे ठरवण्याची जबाबदारी मात्र माझी होती. शस्त्रक्रिया चालू असताना मदतनीसाने दारात येऊन चिठ्ठी वाचून दाखवावी आणि मी तोंडी उत्तर द्यावे, असे ठरले. त्यापूर्वी शस्त्रक्रियागृहाचे दार वाजवलेले मला आवडत नसे आणि ते सर्वांना माहीत होते. गुरुवारचा निरोप आत का आला नाही, याचे अर्धे कारण ते दार होते.

बसण्याच्या जागेचाही विचार झाला, तो थोडक्यात सांगतो. रक्तमिश्रित जुलाब होणारे, लस न झालेले पिल्लू आत न आणता गाडीतच थांबवायचे आणि ते येऊन गेल्यावर फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसायची, कारण पार्वोचा विषाणू सॅनिटायझरला दाद देत नाही. मांजराच्या पेटीवर टॉवेल टाकून ती जमिनीवर न ठेवता उंच ठेवायची. ही कामे त्यांनी पाहिल्याबरोबर उचलली.

दीड वर्षानंतर

नोकरी म्हणून या कामाकडे पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी : ही पशुवैद्यक होण्याची पहिली पायरी नव्हे. त्या पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र, ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा आणि त्यानंतर आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात. आपल्याकडे मुंबईतील परळ आणि साताऱ्यातील शिरवळ यांसारखी महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. वाणिज्य शाखेतून आलेल्या व्यक्तीसाठी तो रस्ता काउंटरवर कितीही वर्षे काढली तरी उघडत नाही. या पदासाठी आपल्या देशात कायद्याने ठरवलेली नोंदणी किंवा परवानाही नाही. त्यामुळे प्रवेश सोपा आहे, आणि त्यामुळेच बढतीची शिडी ज्याची त्याला बांधावी लागते.

या बाईंनी ती परदेशी जाणाऱ्या प्राण्यांच्या कागदपत्रांतून बांधली. पुण्यात संगणक क्षेत्रातली कुटुंबे कुत्र्यामांजरांसह युरोप-अमेरिकेला जातात आणि प्रवासाच्या महिनाभर आधी चौकशीला येतात. युरोपीय संघात न्यायचे असेल तर आधी कातडीखाली बसवायची पंधरा अंकी ओळखीची मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्तातील प्रतिपिंडांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी आणि भारतासारख्या देशातून जाताना नमुना घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणे, असा क्रम आहे. तो एका जागी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चिप बसवण्यापूर्वी दिलेली लस तेथे धरली जात नाही. हा क्रम लावणे, तारखा मोजणे, विमान कंपनी आणि पशु विलगीकरण कार्यालय यांच्याशी पत्रव्यवहार करणे यात औषधाचा संबंध नाही, आणि वाणिज्य पदवीधराची चिकाटी येथे पुरेपूर कामी येते. आज आमच्याकडे हे काम त्याच पाहतात आणि त्यासाठी वेगळा मोबदला घेतात. मागील वर्षापासून साठ्याची आणि हिशेबाची जबाबदारीही त्यांच्याकडे आहे.

आणखी एक काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतले. प्राणी दगावल्याची नोंद केस पेपरवर होत असे, पण लसीची आठवण करून देणारे संदेश संगणकातून आपोआप जात राहत. मेलेल्या कुत्र्याच्या मालकिणीला ‘तुमच्या लाडक्याची लस देय आहे’ असा संदेश गेला आणि तिचा फोन यांनी घेतला. तेव्हापासून दयामरण किंवा मृत्यूची नोंद झाली की त्या त्याच संध्याकाळी यादीतून नाव काढतात. दयामरणासाठी आलेल्या कुटुंबाचे बिल आधी करून त्यांना मागच्या दाराने बाहेर जाऊ द्यायचे, ही पद्धतही त्यांचीच.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का, हे मी त्यांना विचारलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात रात्री नऊ वाजता, दवाखाना बंद करण्याच्या वेळी, त्यांनी एका बोक्याचा फोन घेतला. ट्रेमध्ये बसतो, जोर करतो. ओले गोळे दिवसभरात किती निघाले ते घरात कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी मला विचारले आणि बोक्याला ताबडतोब बोलावून घेतले. तपासले तेव्हा मूत्राशय मऊ आणि जवळजवळ रिकामे होते आणि आतड्यात मळाचे खडे हाताला लागत होते. साधा बद्धकोष्ठच होता. रात्रीच्या तपासणीचे जादा शुल्क पाहून ते गृहस्थ वैतागले, ‘हे मी फोनवर सांगितलेच होते’ म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. रिसेप्शनिस्टने शुल्क कमी केले नाही आणि वादही घातला नाही. पावती दिली, एनिमाची आणि पुढच्या तपासणीची वेळ लिहून दिली आणि गृहस्थ गेल्यावर नोंदवहीत त्या दिवसाची शेवटची ओळ लिहिली : ‘“बद्धकोष्ठ”; ओले गोळे माहीत नाहीत; रात्री ९.०५ ला डॉक्टरांना विचारले, लगेच बोलावले.’